हजेरीपटात वस्ती दिसते, टाकी दिसत नाही

वाचकाचं पत्र :

माझा हिंगणा एमआयडीसीत कूलरच्या बॉड्या आणि स्टँड बनवायचा लहानसा कारखाना आहे. जानेवारीत भरती करतो, जून लागला की बरीचशी पोरं कमी होतात. यंदा ४० हेल्पर घेतले. त्यातले १४ उत्तर नागपुरातल्या दोन-तीन वस्त्यांमधले. तीन महिन्यांत त्या १४ पैकी ९ सोडून गेले. बाकीच्या २६ पैकी फक्त ८ गेले. माझा मिस्त्री बावीस वर्षांपासून आहे. तो पहिल्या दिवसापासून म्हणत होता, "साहेब, तिकडचे पोट्टे टिकत नाही." दोन वर्षांआधी पंपांचा एक खोका गायब झाला, तेव्हापासून सुटीच्या वेळी तो त्यांच्या पिशव्याही पाहतो. पुढच्या जानेवारीत तिकडचे घ्यायचेच नाहीत असं मी ठरवलं, तर माझी मुलगी माझ्याशी बोलेना. ती अर्थशास्त्रात एम.ए. करते. म्हणते हा सरळ भेदभाव आहे, आणि अमेरिकेतल्या काळ्या लोकांचे दाखले देते. मी जात मानत नाही. माझ्या घरी सगळ्यांचं उठणंबसणं, जेवणखाण आहे. मी अनुभवावरून बोलतो. अनुभवाला भेदभाव म्हणायचं का? आणि गोऱ्या-काळ्यांचं प्रकरण नागपूरच्या कूलरला कशाला लावायचं? सोबत हजेरीपट आणि कामवाटपाच्या वहीची झेरॉक्स जोडली आहे.

उत्तर :

वस्त्यांची नावं तुमच्या पत्रात होती, ती आम्ही गाळली आहेत. छापली असती तर ज्या शिक्क्याबद्दल हे उत्तर आहे तोच आणखी चार ठिकाणी उमटला असता.

झेरॉक्स जोडलीत हे फार बरं केलंत. नाही तर नुसत्या तत्त्वाच्या गोष्टी झाल्या असत्या.

तुमचे आकडे खरे आहेत. १४ पैकी ९ म्हणजे शेकडा ६४, २६ पैकी ८ म्हणजे शेकडा ३१. दुपटीहून जास्त. एवढा फरक डोळ्यांसमोर असताना मिस्त्रीचं म्हणणं पटलं यात नवल नाही. पण आता हजेरीपटाशेजारी कामवाटपाची वही ठेवा आणि कोऱ्या कागदावर चार चौकोन आखा. वर दोन : वस्तीतले आणि इतर. डावीकडं दोन : धुलाई-रंग आणि जोडणी-बेंडिंग, म्हणजे जोडणं आणि पत्रा वाकवणं. मग एकेक नाव त्या त्या चौकोनात टाका.

वस्तीतल्या १४ पैकी ११ जण धुलाई-रंगात होते, त्यातले ८ गेले. तिघं जोडणीत होते, त्यातला एक गेला. इतर २६ पैकी धुलाई-रंगात फक्त ६ होते, त्यातले ४ गेले. उरलेले २० जोडणी-बेंडिंगवर, त्यातले ४ गेले. म्हणजे धुलाई-रंगाच्या टाक्यांवरून वस्तीतले शेकडा ७३ गेले आणि इतर शेकडा ६७. इतरांतला अजून एकच पोरगा गेला असता तर त्यांचा आकडा ८३ झाला असता आणि मिस्त्रीला आपलं वाक्य उलटं म्हणावं लागलं असतं. जोडणीत वस्तीतले तिघंच, तिघांवरून कुठलाच निष्कर्ष निघत नाही. आता वस्ती बाजूला ठेवून नुसतं काम बघा. टाक्यांवरच्या १७ पैकी १२ गेले, जोडणी-बेंडिंगच्या २३ पैकी ५. शेकडा ७१ आणि शेकडा २२. खरी दरी इथं आहे.

त्यात आश्चर्यही नाही. तेल काढायची गरम टाकी, गंज उतरवायची ॲसिडची टाकी, मधे पाण्याच्या टाक्या, मग रंग नीट धरावा म्हणून फॉस्फेटची टाकी, आणि शेवटी रंगाची पावडर मारून १८० ते २०० अंशांची भट्टी. एप्रिलात नागपूरचा पारा बाहेरच ४० च्या वर असतो. त्या शेडमध्ये ओल्या हातमोज्यांत आठ तास उभा राहणारा पोरगा दुसरं काम शोधणारच, मग तो कुठल्याही मोहल्ल्यातला असो.

आता प्रश्न उरतो तो, १४ पैकी ११ टाक्यांवरच कसे गेले? वहीच्या पहिल्या पानावर, भरतीच्याच तारखेखाली, मिस्त्रीच्या अक्षरात त्या नावांपुढं "धु" लिहिलेलं आहे. त्या दिवशी त्यांच्यापैकी कोणाच्या हातात पान्हासुद्धा पडला नव्हता. मिस्त्रीचा हिशेब त्याच्या परीनं सरळ आहे. बेंडिंग मशीनवर माणूस तयार करायला तीन आठवडे जातात, पत्राही वाया जातो. जो टिकणार नाही त्याच्यावर तो खर्च कशाला? म्हणून त्यांना धुलाईत टाकलं. धुलाईत कोणी टिकत नाही, म्हणून ते गेले. ते गेले म्हणून मिस्त्री म्हणतो, बघा, म्हणालो होतो ना. अनुभव खरा आहे, पण तो तुमच्याच शेडमध्ये तयार झालेला आहे.

या चक्राला कोणाचा द्वेष करायची गरज पडत नाही, म्हणून "मी जात मानत नाही" हे तुमचं वाक्य आम्ही जसंच्या तसं खरं मानतो. त्यानं चक्र थांबत नाही, एवढंच. अमेरिकेत एडमंड फेल्प्स यांनी १९७२ मध्ये आणि केनेथ ॲरो यांनी १९७३ मध्ये हे मांडलं : एका माणसाची पारख करायची तर वेळ आणि पैसा लागतो, तो वाचवायला मालक त्याच्या गटाची सरासरी त्याला चिकटवतो, आणि त्या सरासरीवरून ठरवलेलं काम ती सरासरी टिकवून धरतं. ग्लेन लाउरी या कृष्णवर्णीय अर्थशास्त्रज्ञांनी टॅक्सीचं उदाहरण दिलं आहे. लुटीच्या भीतीनं टॅक्सीवाले रात्री काळ्या तरुणांसाठी थांबत नाहीत. मग सरळमार्गी तरुण टॅक्सीला हात करणंच सोडतो, बसनं जातो. ज्याला लुटायचंच आहे तो मात्र तासभर उभा राहतो. शेवटी हात करणाऱ्यांत लुटारूंचं प्रमाण खरोखरच वाढतं आणि टॅक्सीवाल्याची भीती "खरी" ठरते. तुमच्या मुलीनं बहुधा हेच सांगायचा प्रयत्न केला असणार.

तुमच्या कारखान्याला सगळ्यात जवळचा दाखला मात्र फ्रान्समधला आहे. तिथल्या एका मोठ्या किराणा साखळीतल्या कॅशियर पोरांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. पोरं सहा महिन्यांच्या करारावरची, त्यातली बरीच उत्तर आफ्रिका आणि सहाराच्या दक्षिणेकडच्या देशांमधून आलेल्या घरांतली. कोणत्या दिवशी कोणता मॅनेजर ड्युटीवर येईल हे त्यांच्या हातात नव्हतं. मॅनेजरांच्या मनातला कल कॉम्प्युटरवरच्या एका चाचणीनं वेगळा मोजलेला होता. कलुषित मनाच्या मॅनेजरच्या पाळीत हीच पोरं जास्त गैरहजर राहिली, लवकर निघून गेली, माल स्कॅन करण्यात हळू पडली. इतर मॅनेजरांच्या पाळीत त्यांचंच काम गोऱ्या फ्रेंच पोरांपेक्षाही सरस होतं. माणूस तोच, गल्ला तोच. आणि ते मॅनेजर शिवीगाळ करत होते असंही दिसलं नाही. ते त्या पोरांच्या जवळच कमी जात होते, कमी बोलत होते, काम कमी सांगत होते.

म्हणून मिस्त्री त्या पोरांना काय बोलतो याची चौकशी करत बसू नका. तो त्यांच्याजवळ किती वेळा जातो ते मोजा. तीन दिवस, सकाळी दोन तास, एका कागदावर नावं लिहून प्रत्येक वेळी रेघ मारा : मिस्त्री कोणापाशी थांबला, काही दाखवलं का, हातात हत्यार देऊन करून घेतलं का. सहा तासांच्या या मोजणीत जे दिसेल ते बावीस वर्षांच्या आठवणीपेक्षा भरवशाचं असेल. मिस्त्रीला आधी सांगू नका, पण नंतर कागद त्यालाच पहिल्यांदा दाखवा.

आता पैशांकडं. तुमच्या वहीत हेल्परला दिवसाला ५२० रुपये आणि बेंडिंग ऑपरेटरला ७८० रुपये लिहिले आहेत. फरक दीडपटीचा. पण हेल्पर जूनमध्ये कमी होतो, ऑपरेटर तुम्ही दहा महिने ठेवता. महिन्याला २६ दिवस धरा. हेल्परचे पाच महिन्यांचे ६७,६०० रुपये, ऑपरेटरचे दहा महिन्यांचे २,०२,८०० रुपये. तिप्पट. उरलेल्या महिन्यांत हेल्पर नाक्यावर उभा राहून काही कमावेल, पण ते काम कोणत्याही कागदावर येणार नाही. ऑपरेटरकडं पीएफची पावती असते, ती दाखवून तो गाडीचं कर्ज काढतो. गाडी आली की सातच्या पाळीला वेळेवर पोहोचतो. वस्तीतला पोरगा ऑटोमोटिव्ह चौकातून मेट्रोत बसतो, सीताबर्डीला गाडी बदलतो, लोकमान्य नगरला उतरतो आणि पुढं शेअर ऑटो शोधतो. दहा मिनिटं उशीर झाला की त्याच्याबद्दल "सवयच आहे" म्हणतात, दुसऱ्याबद्दल "गाडी पंक्चर झाली असेल". पहिल्या पानावरच्या "धु"पासून सुरू झालेली गोष्ट पाच वर्षांत अशी दोन वेगळ्या घरांची होते.

आपल्याकडचा जुना दाखला तर याहून लख्ख आहे. मुंबईच्या कापड गिरण्यांमध्ये सगळ्यात चांगली मजुरी साळखात्यात, म्हणजे विणकामात होती. मागावर आडवा धागा नेणाऱ्या धोट्यातली कांडी, म्हणजे धाग्याची गुंडाळी, संपली की नव्या कांडीच्या धाग्याचं टोक धोट्याच्या बारीक भोकातून तोंडानं ओढून घ्यावं लागे. एकाच्या तोंडाला लागलेला धोटा दुसऱ्याच्या तोंडाला लागणार, एवढ्या कारणावरून अस्पृश्य कामगारांना त्या खात्यात येऊ दिलं जात नव्हतं. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा मुद्दा लावून धरला होता. आता त्या काळी कोणी गिरणीत फिरून मोजलं असतं तर त्याला काय दिसलं असतं? विणकामात निपुण असा एकही दलित कामगार नाही. आकडा अचूक, आणि त्यावरून "यांना हे काम जमत नाही" हा निष्कर्ष साफ खोटा. तुमच्याकडच्या बेंडिंग मशीनवर आज त्या वस्त्यांमधला एकही ऑपरेटर नाही, हे वहीत स्पष्ट आहे.

गोऱ्या-काळ्यांचं प्रकरण कूलरला का लावायचं, हा प्रश्न रास्त आहे. तिथं रंग लांबून दिसतो. इथं आडनाव, वस्ती, बोली, आधार कार्डावरचा पत्ता यांतून माणूस ओळखला जातो. तिथला इतिहास गुलामगिरीचा, इथला अस्पृश्यतेचा. दोन्ही एकच आहेत असं आम्ही म्हणणार नाही. पण मालकाच्या टेबलावर जे घडतं ते फार सारखं आहे. बॉस्टन आणि शिकागोमध्ये सुमारे ५,००० अर्ज पाठवून केलेली एक चाचणी २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. अर्ज तोडीस तोड, फक्त नाव बदललेलं. गोऱ्या वाटणाऱ्या नावाला काळ्या वाटणाऱ्या नावापेक्षा निम्म्यानं अधिक बोलावणी आली. आपल्याकडं, मूळ अमरावती जिल्ह्यातले सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी तशीच चाचणी केली, ती २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. ५४८ जाहिराती, ४,८०८ अर्ज, सगळे खासगी कंपन्यांना. सवर्ण हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला बोलावणं येण्याची शक्यता सुमारे दोन तृतीयांश निघाली, मुस्लिम नावाला सुमारे एक तृतीयांश. शिक्षण सारखंच होतं.

आणि अशी दरी एकदा पडली की साठत जाते. १९३० च्या दशकात अमेरिकेत सरकारी गृहकर्ज संस्थेनं शहरांचे नकाशे काढले आणि काळ्यांच्या वस्त्या लाल रंगानं "धोक्याच्या" ठरवल्या. कर्ज नाही म्हणून घर नाही, घर नाही म्हणून पोरांना वारसा नाही. मालमत्तेच्या क्रमानं लावल्यावर बरोबर मध्ये येणारं कुटुंब घेतलं तर २०२२ मध्ये तिथल्या गोऱ्या कुटुंबाची मालमत्ता २,८५,००० डॉलर होती, काळ्या कुटुंबाची ४४,९००. पगारात इतकं अंतर नाही. मालमत्तेत सहा पटींचं आहे, कारण मालमत्तेत आजोबांना नाकारलेलं कर्जही मोजलं जातं.

पिशव्यांबद्दल वेगळं बोलायला हवं, कारण तिथं नुसता अंदाज नाही, डाग आहे. "टिकत नाही" हा कामाबद्दलचा अंदाज झाला. तो चुकीचा असला तरी आकड्यांनी खोडता येतो. "चोर असतील" हा अख्ख्या माणसावर लावलेला डाग, आणि तो पुरावा मागत नाही. तुमच्या पंपांचा खोका कोणी नेला हे आजतागायत ठरलेलं नाही, तरी शिक्षा रोज संध्याकाळी सहा वाजता दिली जाते आहे. असे डाग कधीकधी कायद्यानंच लावलेले असतात. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्यानं अख्ख्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या. तो शिक्का ३१ ऑगस्ट १९५२ ला कागदावरून उठला, पण पारधी तरुणाला आजही नोकरीच्या दारात त्याचाच जाब द्यावा लागतो. अमेरिकेत मिलवॉकी शहरात डेव्हा पेजर यांनी केलेली चाचणी २००३ मध्ये प्रसिद्ध झाली. तुरुंगात जाऊन आल्याचं अर्जात लिहिणाऱ्या गोऱ्या तरुणांना शेकडा १७ ठिकाणांहून बोलावणं आलं. कोणताही गुन्हा नसलेल्या काळ्या तरुणांना शेकडा १४ ठिकाणांहून. डाग म्हणजे काय ते या दोन आकड्यांत कळतं.

म्हणून पिशव्यांची तपासणी उद्यापासून एक तर सगळ्यांची करा, मिस्त्री आणि ऑफिसातल्या माणसांसह, नाही तर कोणाचीच नको. आमच्या मते दुसरं बरं. पंपांना कुलपाचं कपाट करा, रोज सकाळी किती दिले आणि संध्याकाळी किती बसवले याची दोन रकान्यांची वही ठेवा. पंप जातात ते कुठून हे वही सांगेल. पिशवी सांगत नाही.

कायद्याचंही एका ओळीत सांगून ठेवतो. अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणाला नोकरीत आडकाठी करणं १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. "तिकडचे घ्यायचे नाहीत" हे वाक्य कागदावर उतरवण्याआधी वकिलाला दाखवा, तो पेन काढून घेईल.

आता जानेवारीची तयारी. पहिलं काम टाक्यांची पाळी लावणं. टाक्यांवर १७ जागा, हेल्पर ४०. हंगामाच्या पहिल्या बारा आठवड्यांत सगळ्यांना सारखी पाळी दिली तर प्रत्येकाच्या वाट्याला साधारण पाच आठवडे येतात. चिठ्ठ्या टाकून क्रम ठरवा, सगळ्यांसमोर. मिस्त्री म्हणेल की बेंडिंगचा माणूस हलवला तर माल अडकेल, आणि ते बरोबर आहे. ऑपरेटर हलवू नका, फक्त हेल्पर फिरवा. एका सोमवारी सगळे १७ बदलू नका, आठ-नऊच बदला, म्हणजे टाकीवर नेहमी अर्धे जाणते राहतील. नवख्याला पहिल्या दिवशी एवढं तरी पाठ हवं की ॲसिड पाण्यात ओतायचं, पाणी ॲसिडमध्ये कधीच नाही. कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे, ॲप्रन, चष्मा, दर दोन तासांनी पंख्याखाली दहा मिनिटं आणि टाकीवर असेपर्यंत रोजाला भत्ता. भत्ता परवडत नाही असं वाटलं तर १७ पैकी १२ जण गेल्यावर नवे शोधून शिकवण्यात किती गेले ते आधी मांडा.

दुसरं काम शिकवण्याचं, आणि तुमच्या कारखान्यात सगळ्यात जास्त फरक यानंच पडेल. पहिल्या तीन आठवड्यांत प्रत्येक हेल्परला बेंडिंग मशीनवर दहा तास मिळालेच पाहिजेत, रोज दोन तास असे पाच दिवस. कापून उरलेल्या पत्र्यांच्या पट्ट्या यासाठी ठेवा, म्हणजे नुकसान होत नाही. तास वहीत, शिकवणाऱ्याची आणि शिकणाऱ्याची अशा दोन सह्या. मग परीक्षा : प्रत्येकानं सहा तुकडे काटकोनात वाकवायचे. तुकड्यावर नाव नाही, खडूनं नंबर. माप घेणारा मिस्त्री नसावा, तपासणीवाला माणूस असावा. गुण्या लावून काटकोन पाहायचा, टेपनं लांबी, एक मिलिमीटरपर्यंत फरक चालेल. सहापैकी पाच बरोबर आले की तो पास. ऑपरेटरची जागा निघेल तेव्हा या यादीतूनच भरा. अमेरिकेतल्या एका मोठ्या दुकानसाखळीनं १,३६३ दुकानांत मॅनेजरच्या अंदाजी पसंतीऐवजी कॉम्प्युटरवरची चाचणी आणली, तेव्हा माणसं जास्त दिवस टिकू लागली आणि काळ्यांची भरतीही कमी झाली नाही. मालक आणि पोरगा दोघांचा फायदा होऊ शकतो तो असा.

भरतीच्या फॉर्मवरून पत्ता, वडिलांचा धंदा आणि आडनाव काढा. मोबाईल नंबर, वय, शिक्षण, आयटीआयचा ट्रेड, आधी केलेलं काम एवढं पुरे. पत्ता पीएफ-ईएसआयसीसाठी लागतो, तो निवड झाल्यावर घ्या. पण इथंच एक खड्डा आहे. नुसती माहिती झाकली तर मालक रिकाम्या जागी आपला अंदाज भरतो. न्यू जर्सी आणि न्यूयॉर्क शहरात अर्जावरचा "गुन्हा केला आहे का?" हा प्रश्न कायद्यानं काढायला लावला. हेतू चांगला होता. सुमारे १५,००० अर्ज पाठवून केलेल्या अभ्यासात दिसलं की आधी गोऱ्यांना काळ्यांपेक्षा शेकडा ७ अधिक बोलावणी येत, प्रश्न काढल्यावर ती शेकडा ४३ अधिक झाली. नोंदच दिसेना, म्हणून मालकांनी रंगावरून गुन्हेगार ठरवले. तेव्हा पत्ता काढलात की त्या जागी त्या पोराबद्दलचं काहीतरी पक्कं ठेवा : अर्ध्या तासाचं प्रत्यक्ष काम, उदाहरणार्थ मोटर बसवून चार बोल्ट आवळणं, टेपनं माप घेऊन पत्र्यावर खूण करणं. मुलाखतीत सगळ्यांना तेच पाच प्रश्न, त्याच क्रमानं, आणि गुण लगेच लिहायचे. सगळे संपल्यावर आठवून लिहिले तर त्यात पुन्हा वस्ती शिरते.

ओळखीच्या भरतीकडंही एकदा बघा. बाकीच्या २६ पैकी १५ जणांसमोर "ओळख" या रकान्यात आतल्याच कोणाचं तरी नाव आहे. वस्तीतल्या १४ जणांसमोर तो रकाना कोरा आहे. ज्याचा मामेभाऊ आत आहे त्याला पहिल्याच दिवशी कळतं की चांगला पान्हा कुठल्या पेटीत असतो आणि मिस्त्रीला काय विचारायचं नाही. बाकीच्यांना हे कळायला महिना जातो, तोवर ते "मंद" ठरतात. प्रत्येक नव्या पोराला एक जुना जोडीदार नेमून द्या, पहिले चार आठवडे, आणि जोडीदाराला त्याचे रोज पाच-दहा रुपये द्या.

हाकेचं वाटतं तेवढं किरकोळ नाही. तुम्ही पत्रात ओघात लिहून गेलात की शेडमध्ये त्या पोरांना वस्तीच्या नावानंच हाक मारतात. उत्तर प्रदेशात कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी ३२१ सवर्ण आणि ३२१ दलित शाळकरी मुलांना कागदावरची चक्रव्यूहाची कोडी सोडवायला दिली. जात कोणी उच्चारली नाही तेव्हा दोन्हीकडची मुलं सारखीच सोडवत होती. सगळ्यांसमोर जात सांगून मग कोडी दिली, तेव्हा दलित मुलांची कामगिरी ठळकपणे घसरली. मुलं तीच, कोडी त्याच प्रकारची. शेडमध्ये नावानं हाक मारायची, हा नियम तुम्ही स्वतः पाळून दाखवा, मिस्त्री आपोआप पाळेल.

मिस्त्रीला "तू भेदभाव करतोस" असं मात्र म्हणू नका. तो दुखावेल, आणि दुखावलेला माणूस त्या पोरांपासून आणखी चार हात लांब राहील. नेमकं तेच आपल्याला नको आहे. त्याला चार चौकोनांचा कागद दाखवा. बावीस वर्षं पत्रा वाकवलेला माणूस माप ओळखतो. आणि त्याचा बोनस पोरं टिकण्याशी जोडा, टाक्यांवरच्यांसह. कीव म्हणून वस्तीतले दोघं "ठेवून घ्यायचे" हा मार्गही नको. तसं ठेवलेल्या पोराकडं सगळी शेड बोट दाखवते आणि तो अवघडून काम करतो.

निकाल लगेच मागू नका. १४ जणांत एक पोरगा म्हणजे शेकडा ७. एकाच्या आईला मेडिकलमध्ये भरती करावं लागलं म्हणून तो गेला तरी तुमची टक्केवारी हलते. दोन हंगामांचे आकडे जमू द्या, आणि दर वेळी वस्ती आणि काम असे चारही चौकोन भरा. हा कागद तुमच्या टेबलाच्या खणात राहू द्या, शेडमध्ये नको.

जानेवारीला अजून वेळ आहे, तोवर एक काम या आठवड्यात होण्यासारखं आहे. हजेरीपटाच्या शेवटच्या रकान्यात सोडून गेलेल्या सगळ्यांचे मोबाईल नंबर आहेत. फोन मिस्त्रीला करायला लावू नका. मुलीला सोबत घेऊन बसा, ती अबोला सोडेल असं वाटतं. नुसत्या नऊ जणांना नाही, सतराही जणांना करा, नाही तर तुलना कशाशी करणार? संध्याकाळी आठनंतर, म्हणजे पोरं कामावरून परतलेली असतील. सगळ्यांना तेच विचारा : कोणतं काम दिलं होतं, कोणी शिकवलं आणि किती दिवसांनी, शेवटच्या आठवड्यात काय झालं, आता कुठं आहेस आणि तिथं किती महिने झाले. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर शब्दशः लिहून घ्या. आणि कोणाच्या पगाराचे दोन-चार दिवस तुमच्याकडं अडकले असतील तर फोन करायच्या आधी ते त्याच्या खात्यात टाका.